शेवटची खूण

पुंडलिकने गोणपाट बाजूला केलं आणि दोन पावलं मागे सरला.

"बघ हंसा. आबाच्या हातची वाटते का नाय?"

पडवीतल्या कामाच्या फळीवर बेस गिटार आडवी होती. सागाची, तेल पाजलेली, चार जाड तारा ताणलेल्या, त्यांच्याखाली आवाज उचलणारा पिकअप बसवलेला. वरच्या टोकाला हळदकुंकवाची बोटं. होडी पुरी झाली की पुंडलिक तिला हळदकुंकू लावून नारळ फोडायचा. गिटारीसाठीही त्याने फोडला होता. त्यातला खोबऱ्याचा तुकडा त्याने मघाशी बहिणीच्या हातावर ठेवला होता, पण हंसाने तो तोंडात घातला नव्हता.

ती गिटार बघायला लागली. बघणं कसलं, झडतीच ती. त्यांच्या वडिलांना, आबांना, हंसासाठी पहिली गिटार करताना होडीतून उरलेली फळी कमी पडली होती, म्हणून तिचं खालचं शिंग आखूड होतं. हिचंही होतं. पाठीवर होडीच्या खिळ्याचं भोक आणि त्यात ठोकलेली लाकडाची खुंटी, तीही जागच्या जागी. मान हंसाच्या आखूड बोटांना पेलेल इतकी बारीक तासलेली. तिने डोळे मिटून मुठीत धरली आणि चटकन सोडली. दादासमोर रडायचं नाही, असं तिने घरून निघतानाच ठरवलं होतं.

"तुला सगळं बरं आटवलं," ती म्हणाली.

"आटवनार नाय? आबा ती करत व्हते तवा कंदील मीच धरायचो."

पुंडलिक खुशीत होता. बोईसरच्या कारखान्यात सुताच्या रिळांवर काम करणारी ही बहीण लग्न झाल्यापासून माहेरचं पाणीसुद्धा पीत नव्हती. शिमग्याला ती आपणहून आली, आबांनी केली होती अगदी तशीच गिटार मला करून दे म्हणाली, आणि पुंडलिकला वाटलं, सुटलो, हंसाचा राग गेला. लेकीच्या लग्नाची धावपळ सोडून तो गिटारीला बसला. माणूस काही भोळा नव्हता. पण माफी हवी असली की भलेभले भोळे होतात.

"एक खूण राहिली," हंसा म्हणाली.

"कुटली?"

"शेवटची." तिने मानेच्या बुडाशी बोट टेकलं. "हितं. तुजी कुऱ्हाड पैली हितं बसली."

बाहेर अंगणात ठमीच्या, पुंडलिकच्या लेकीच्या, हळदीची गडबड चालली होती. मांडवात बेंजोवाले तारा जोडत होते. तीन दगडांवर ठमीच्या आंघोळीच्या पाण्याचा हंडा चढला होता आणि वहिनी त्याखाली लाकडं सारत होती. पुंडलिकने एकदा तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"पंदरा वर्सं झाली, बाय. तुज्या सासरच्यांना वाजवनारी सून नको व्हती."

"वाजवनारी नको म्हनाले ते. गिटार फोड आन तिच्याच हळदीचं पानी तापव, असं नव्हते म्हनाले. ते तुजं डोकं."

"सुंब जळला तरी पीळ जळत नाय तुजा."

"सुंब जाळला कोनी, दादा?"

तिने भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड उचलली आणि दांडा त्याच्यापुढे केला. "जशीच्या तशी देतो म्हनालास. दे."

पुंडलिकचा चेहरा उतरला. "हळदकुंकू लागलं तिला. आता लोखंड लावायचं नाय. आबांनी कदी लावलं का?"

"त्या दिवशी माज्यापन अंगाला हळद लागली व्हती."

त्याने कुऱ्हाड घेतली. घेतली आणि तसाच उभा राहिला. हात वर जाईना. रिळं बदलताना हंसाने हा क्षण कितीदा तरी मनात चघळला होता. तो तिला वाटला होता त्याहून गोड निघाला.

"तवा कसा झटक्यात उटला हात," ती म्हणाली. "आज काय झालं?"

"नको ना, हंसा. जीव लावून केली मी."

"म्हनून तर तुलाच सांगितली. जीव लावलेली वस्तू फोडताना काय व्हतं, तुला ठावं नव्हतं."

घाव पडला. फार जोराचा नव्हता. चारही तारा झणकल्या आणि मानेच्या बुडातून बोटभर ढलपी उडून फरशीवर पडली. पुंडलिक मटकन खाली बसला.

हंसाने वाकून ढलपी उचलली. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला कोरा पिवळा साग. तिने ती भावाच्या तळव्यावर ठेवली, वर न खाल्लेलं खोबरं ठेवलं आणि त्याची बोटं मिटली.

"ठमीच्या हंड्याखाली घाल. मला न्हाऊ घातलंस, तशी तिलाबी घाल."

तिने पट्टा खांद्यावर घेतला, गिटार पोटाशी धरली आणि मांडवात जाऊन बेंजोवाल्याकडे जोडायची वायर मागितली. त्याने ती कर्ण्याच्या पेटीला जोडून दिली. हंसाने सगळ्यात जाड तारेवर बोट मारलं. आवाज जमिनीतून आल्यासारखा आला. पडवीत खिळ्यांचा डबा फळीवर थरथरला. बायका हळदीचे हात तसेच धरून बघत राहिल्या. मग ठमी पाटावरून ओरडली, "आत्या, आनकी वाजव!"

हंसा वाजवत राहिली.

"अवो," अंगणातून वहिनीची हाक आली, "जाळ इजतोय. हाताला येल ते लाकूड आना बघू."

पुंडलिक उठला, दारापर्यंत आला. मूठ मात्र त्याला उघडवेना.