वृंदाची नजर

मध्यंतर संपता संपता शाल्मलीने घाईत बाकावरचं भलतंच हेल्मेट डोक्यात घातलं. ते वृंदाचं होतं. आइस हॉकीच्या संघातल्या प्रत्येकीला तिच्या हेल्मेटमधून पुढची चाल सांगणारा यंत्राचा तो गोड आवाज कानात बोलू लागला, "शाल्मलीकडे बघ, पास केतकीला दे. शाल्मलीला कळू देऊ नकोस. पास येणार असं वाटलं तरच ती जीव तोडून धावते, आणि समोरच्या संघाच्या बचावातल्या दोघी तिच्यामागे जातात."

दोन महिने शाल्मलीला संशय होताच. वृंदा दर वेळी तिच्याकडे बघायची आणि चकती जायची केतकीकडे. आपण कॅप्टन झालो म्हणून ही जळते, अशी तिची समजूत होती. हे त्याहून वाईट होतं.

समोर वृंदा उभी होती, चेहरा पडलेला.

"कधीपासून गं?"

"पहिल्या सामन्यापासून."

शाल्मलीने हेल्मेट तिच्या हातात कोंबलं.

खेळ सुरू होण्याआधी वृंदाने सगळ्यांसमोर हेल्मेटमधलं ते यंत्र उपटून फेकून दिलं. हेही त्या आवाजानेच सांगितलं असेल, शाल्मलीच्या मनात आलं.

"धाव! वृंदा या वेळी नक्की पास देतेय," खेळ सुरू होताच शाल्मलीच्या कानात तिच्या स्वतःच्या हेल्मेटमधून आवाज आला.

"देतेय तर!" ती पुटपुटली, आणि पहिल्यांदाच रेंगाळली. बचावातल्या दोघी केतकीकडे वळल्या. वृंदाने शाल्मलीकडे बघितलं. शाल्मलीने तोंड फिरवलं.

चकती सरळ तिच्याकडे आली आणि तिच्या उचललेल्या स्टिकखालून निघून गेली.