ढोरांसाठी खोपट

“अजून लांब!” दारातून रूपली ओरडली.

गोवालने रोवलेला खांब पुन्हा उपसला आणि कपाळाला हात लावला. आता आणखी किती लांब? ढोरं पार ओढ्याकाठी नेऊन बांधायची, म्हणजे बिबट्याला जेवायचं आवतणच की! मोलगीच्या त्या डोंगरात बापजाद्यांपासून बैल, गाय, शेळ्या, कोंबड्या माणसांबरोबर एकाच छपराखाली निजत आलेल्या. मध्ये कमरेएवढा कूड, अलीकडे चूल, पलीकडे ढोरं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आणि काठी गावाहून आणलेली ही बायको म्हणते, ढोरांच्या वाफेनं आणि धुरानं बाळाचा श्वास कोंडतो!

पण बाळ खोकत होतं, हेही खरं. त्याच्या आधीचं पोरगं असंच खोकून खोकून गेलं होतं. त्याला मातीत ठेवून गोवाल घरी आला तेव्हा त्याला भाकरीचा घास गिळवेना. हे दुसरंही गेलं तर आपण काही जगत नाही, असं त्याला मनापासून वाटायचं.

म्हणून बायको म्हणेल तसं तो करत गेला. चूल बाहेर ओसरीत काढली. झोळीजवळच्या कुडाला खिडकीएवढं भोक पाडलं, वारा खेळावा म्हणून. कोंबड्या शेजारच्या फत्तेसिंगाकडे दिल्या. फत्तेसिंग तर पोट धरून हसला. “अरे, आज कोंबड्या काढल्या, उद्या तुलाही काढेल ती!” गोवालही हसला. दोघांनी मिळून मोहाची घेतली आणि विषय तिथंच राहिला.

हसू येत नव्हतं ते एकाच गोष्टीचं. बाळासाठी एवढा आटापिटा करणारी रूपली बाळाला जवळच घेत नव्हती. अंगावर दूध येत नाही म्हणाली आणि बाळ सरळ सासूच्या हवाली केलं. म्हातारी दिवलीबाई शेळीच्या दुधात कापडाची वात बुडवून त्याला चोखवायची. रूपली लांब उंबऱ्यावर बसून बघायची. बाळ रडलं की उठून अंगणात जायची आणि उगाच काटक्या मोडत बसायची.

“याहा, ही आई आहे की कोण?” गोवाल एकदा आईला म्हणालाच.

“तिला बोलू नकोस,” म्हातारी म्हणाली. “तिची आई अशीच खोकत गेली. मांडीवरचं तान्हं पोर पाठोपाठ गेलं. वर आपलं पहिलं गेलं. भ्यालीय रे ती. पुन्हा माया लावायला भितेय.”

गोवालला ते पटलं आणि नाहीही पटलं. गोऱ्या सरकारच्या नाकेदाराची नजर चुकवून तो जंगलातून बांबू आणत राहिला. ओढ्याकाठी खोपट उभं राहिलं. वर सागाची पानं पडली. दार घराकडं नको, पलीकडं हवं, असं रूपलीचं म्हणणं. वास घराकडं यायला नको म्हणे. तेही त्यानं केलं. रूपलीनं मग आतली जमीन अशी सारवली की तिच्यावर धान्य सांडलं तरी वेचून घ्यावं.

“ढोरांना कशाला एवढं?” त्यानं विचारलं.

“ओल बाधते,” ती म्हणाली.

त्या दिवशी त्याचं डोकंच फिरलं. ढोरांच्या ओलीची हिला काळजी, आणि तिकडं पोर सकाळपासून टाहो फोडतंय! “कोंबड्या गेल्या, चूल गेली, आता ढोरं चालली,” तो ओरडला. “उद्या पोरालाच घराबाहेर टाक! तुला काळीज आहे की नाही?”

रूपलीचा शेणानं माखलेला हात थांबला. तिनं वर बघितलं नाही.

“जमीन वाळली की सांगते,” ती म्हणाली आणि पुन्हा सारवू लागली.

जमीन वाळली. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर गोवालनं ढोरं सोडली. म्हातारा बैल दारातच अडून बसला. जन्मापासून तो त्याच खुंट्याला होता. गोवालनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. “चल बाबा, पोरासाठी चल,” तो म्हणाला.

ओसरीत दिवलीबाई बाळाला घेऊन बसली होती. बाळ टकाटका बघत होतं. सकाळपासून एकदाही खोकलं नव्हतं. गोवालनं त्याच्या इवल्या छातीवर कान ठेवला. घरघर नाही, काही नाही! रूपलीचंच खरं होतं. आणि आपण तिला काय काय बोललो! तिला काळीज नाही म्हणालो! आता आधी तिची माफी मागायची, मग संध्याकाळी बाळ तिच्या मांडीवर द्यायचं, असं त्यानं ठरवलं.

रूपली घरात नव्हती. ढोरं हाकत तो ओढ्याकाठी पोचला. खोपटाला वळसा घालून दार ढकललं, तर ते आतून बांधलेलं.

“रूपली?”

“आत येऊ नकोस.”

“अगं, ढोरं आणलीत.”

“परत घरात ने. इथं बिबट्या खाईल त्यांना. शेळी ओसरीत बांध, याहाला दूध काढायला बरं पडेल.”

“मग हे खोपट?”

आत ती खोकली. खूप वेळ खोकत राहिली. घरात चुलीच्या धुरात सगळेच खोकायचे, त्यामुळं तिचा खोकला त्यानं वेगळा असा कधी ऐकलाच नव्हता.

“माझ्या आईला पडायचं तसं रक्त पडतंय मला,” ती म्हणाली. “पहिलं पोर मीच मारलं, रात्रंदिवस छातीशी धरून. भाकर लांबूनच ठेवत जा.”

गोवालनं दाराला दोन्ही हात लावले.

“रूपली, मला आधी सांगायचं होतंस.”

“माझ्यासाठी बांध म्हटलं असतं,” ती म्हणाली, “तर तू एक बांबूसुद्धा आणला नसतास.”