कंपनी बघायला आली

सकाळी दहाला बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीची गाडी वरकुट्यात रेश्माच्या दारात थांबली. आयटीआय झालेल्या पोरींना कामावर घेण्याआधी मॅनेजर परवीनबाई घरच्यांना भेटून जात. पोहे देताना रेश्माला नाचू की गाऊ असं झालं होतं. ही नोकरी तिला हवीच होती. तिच्या वडिलांनी, दत्तोबांनी, चौकशी सुरू केली.

“न्यायला गाडी?”

“दारापर्यंत.”

“तुमच्यात कुणी तापट?”

“न्हाय, तात्या.”

“आधीच्या पोरी सुखात हायेत?”

“समद्या.” परवीनबाईंनी घाम पुसला. “मग आमी पसंत हाय का?”

“तात्या, हो म्हणा की!” रेश्मा कुजबुजली.

“हिच्या थोरल्या बहिणीला बघायला आलेले समदे म्हणायचे, तेच सांगतो,” दत्तोबा ऐटीत बोलले. “विचार करून कळवतो.”

संध्याकाळी परवीनबाईंचा फोन आला. रेश्मानं झडप घातली.

“थांब, वाजू दे जरा,” दत्तोबा म्हणाले.