मच्छरदाणी

मंदाकिनीच्या दंडावर डास बसला, चावला आणि मेला.

"बरंय गं ताई, तुला मच्छरदाणी नको," साताऱ्याहून आलेली धाकटी बहीण म्हणाली.

वसाहतीच्या पाण्यात विषारी कॅडमियम होतं. काही झाडं ठेवतात तसं ते पेशींत कोंडून ठेवणारी लस सगळ्यांनी टोचून घेतली होती. त्यांना स्वतःला काही होत नसे. पण त्यांचं रक्त आणि दूध इतरांसाठी विष होतं, म्हणून त्यांना फाटकाबाहेर सोडत नसत.

मंदाकिनीचं तान्हं बाळ भुकेने रडत होतं. त्याला अजून लस दिली नव्हती.

"मी नेते त्याला. बाहेर वाढेल तरी," बहीण म्हणाली.

मंदाकिनीचा पदर दुधाने भिजला होता. ती लस घेऊन आलेल्या नर्सकडे वळली.

"टोचा."

महिन्याभराने बाळाच्या गालावर डास बसला. मंदाकिनीने तो हाकलला नाही. तो चावला आणि मेला.