चमचाभर रक्ताची साक्ष

"जीभ वर करा," सिस्टर माझ्या तोंडात बॅटरी मारत म्हणाल्या.

"नीट बघा हो," बायको म्हणाली. "मागे एकदा मेल्याचं सोंग घेऊन अख्खी आळी रडवलीय ह्यांनी."

तीन महिने टीबीच्या गोळ्या इमानाने गिळत होतो, तरी वजन उतरतच होतं. सगळ्यांना वाटायचं, मी गोळ्या फेकून देतो. म्हणून डॉक्टरांनी आज सिस्टरांसमोर गिळायला लावल्या आणि दोन तासांनी रक्त घेतलं.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "औषध रक्तात निम्मंही पोचत नाही. हे खरंच बोलत होते. डोस वाढवू, बरे होतील."

मी सुई टोचलेल्या हाताकडे बघतच राहिलो. जन्मभर मी थापा मारल्या, अन् चमचाभर रक्त माझ्यासाठी खरं बोललं!

बायकोने डोळे पुसले. "आता मेल्याचं सोंग बंद."

"अगं, जिवंत माणसालाच जमतं ते!"