फोर व्हीलचा दांडा

"फोर व्हील लागन कुठून? पुढचे चाकं फिरवणारा शाफ्टच नाही गाडीत. कवाचाच काढेल हाय," लोहारा गावचा मिस्त्री पिकअपखालून बोलला.

साकेत चाट पडला. "पण बाबा होते तवर दर पावसाळ्यात हा दांडा ओढत अन् म्हणत, 'लागले चारही चाकं. आता फक्त उतरा अन् मागून जोर लावा.'"

"मंग लावे का कोणी जोर?"

"सारं घर."

मिस्त्रीनं हसत हसत शाफ्ट बसवला.

मायला घेऊन जाताना वावराच्या वाटेवर गाडी चिखलात फसली. साकेतनं दांडा ओढला, तशी एका दमात पार झाली. मागं वळून पाहिलं, तर माय सवयीनं उतरलेली, पदर खोचून, हात पुढं करून चिखलात एकटीच उभी.

"तुह्या बाबाचीच गाडी बरी होती रे," माय म्हणाली, "मले सोडून कधी पुढं नाही गेली."