चारचा डाव

व्हिडिओ गेमच्या कन्सोलचं खोकं ठेवायला जुना कॉम्प्युटर थोडा सरकवावा लागणार होता. बाबांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“याला हात लावायचा नाही.”

“नाही लावत. हे टीव्हीला जोडायचं, बाबा. हा कंट्रोलर तुमचा, हा माझा. दोघांनी खेळायचं.”

“याला बटणं सतरा. माणसाला बोटं दहा. उरलेली काय पायाने दाबू?”

लेक नर्स होती. सकाळची पाळी करून तीनला घरी यायची. सहा महिने रात्रीच्या जादा पाळ्या करून तिने हे यंत्र आणलं होतं. बाबांनी एकदा तरी आपल्यासमोर बसून एक डाव खेळावा, एवढीच हौस. माहितीपुस्तिका इतकी जाड की वाचून होईपर्यंत माणूस दोनदा निवृत्त व्हावा.

यंत्र सुरू झालं. पडद्यावर आलं : अपडेट होत आहे, तीन टक्के.

“हा तर खेळायच्या आधीच दमला,” बाबा म्हणाले. “माझं बघ.”

त्यांचं म्हणजे ब्राउझरमधला फुकटचा खेळ. नाव टाकलं की झालं. लाल-पिवळ्या सोंगट्या वरून सोडायच्या, चार एका ओळीत आल्या की जिंकलं. बाबा जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत आलेले. ओळ जुळली की त्यांना जेवल्यासारखं वाटे. त्यातून समोर दादा असायचा. परदेशातल्या या लेकाला फोन करायला तीन वर्षांत सवड झाली नव्हती, पण चारच्या ठोक्याला खेळायला हजर!

“काल त्याने मला कोपऱ्यात असं गाठलं! काय डोकं आहे पोराचं!”

“मी गाठते ना आज. एकच डाव.”

“तुझं काम नाही ते, बाई. डोकं सगळं दादाकडे गेलं. तुझ्या वाट्याला हात आले.”

अपडेट अकरा टक्के. घड्याळात चारला पाच कमी.

“बंद कर ते धूड. दादा येईल.”

तिने वायर काढली. दोन्ही कंट्रोलर खोक्यात ठेवले आणि भांडी घासायची आहेत म्हणून आत गेली.

चारला दादा आला. पहिल्या सात सोंगट्यांतच त्याने बाबांना अडवलं. बाबा खूश झाले. खेळाखालच्या चौकटीत त्यांनी एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत लिहिलं : “तुझ्या बहिणीने महागडं खेळणं आणलंय. माझं मन तिच्यात रमत नाही रे. तू ये, म्हणजे तिला दुसरीकडे राहायला सांगता येईल.”

आत, मोरीपाशी, तिने साबणाचा हात पदराला पुसला, मोबाइलवर आलेल्या त्या ओळी दोनदा वाचल्या आणि उत्तर लिहिलं : “येतो, बाबा. तुमची पाळी.”